सुरतेच्या सराफ्यातून दिसणारा बंदुकीचा प्रश्न

सुरतेच्या सचिन या औद्योगिक उपनगरात जुलै २०२५ मध्ये एका सराफाच्या दुकानावर रात्री सशस्त्र लुटारूंनी हल्ला केला. सराफाने प्रतिकार केला आणि गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. पळणाऱ्यांपैकी एकाला जमावाने पाठलाग करून पकडले. अशी घटना घडली की व्यापारी वर्गात तोच एक प्रश्न नव्याने उभा राहतो. त्याच्या गल्ल्यात पिस्तूल असते तर तो वाचला असता का? त्याच वर्षी गोव्यात दोनापावला आणि म्हापसा येथे घरच्या माणसांना बांधून घालून दरोडे पडले, आणि हा प्रश्न सराफाच्या गल्ल्यावरून बंगल्याच्या शयनगृहात आला. शस्त्र परवाना कसा मिळतो, कोणते शस्त्र घ्यावे, नेमबाजी कुठे शिकावी, याची चर्चा पणजी-मडगावच्या सुखवस्तू घरांतही आता संकोच न बाळगता होते. तिचे उत्तर शोधण्यासाठी सुरतेइतके सोयीचे शहर दुसरे नाही. तेथे संपत्ती आहे, भीती आहे, परवान्यांचा बाजार आहे, आणि बंदूक हाती घेऊन घर राखण्याचा साडेतीन शतकांचा लिखित इतिहासही आहे.

हा इतिहास मराठी वाचकाला पाठ असतो, पण दुसऱ्या बाजूने. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचे सैन्य सुरतेच्या वेशीवर आले तेव्हा शहराचा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात शिरून बसला. विरजी व्होरा हा त्या काळच्या जगातल्या सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एक. त्याची हवेली लुटली गेली. हाजी झाहिद बेगचीही तीच गत झाली. या दोघांकडे पैसा अमाप होता आणि शस्त्रे विकत घेणे त्यांना मुळीच अवघड नव्हते. वाचली ती इंग्रजांची आणि डचांची वखार. जॉर्ज ऑक्सेंडनने जहाजांवरची माणसे आणि तोफा वखारीत आणल्या, सुमारे दीडशे इंग्रज आणि साठेक शिपाई यांना जागा नेमून दिल्या, आणि नगारा वाजवीत त्यांची शहरातून फेरी काढली, जेणेकरून येथे लढाई महाग पडेल हे सर्वांना आधीच कळावे. वखारीवर किरकोळ चकमकींपलीकडे काही झाले नाही. मराठ्यांना वेळ थोडा होता आणि सोपी घरे पुष्कळ होती.

वखार वाचली याचे श्रेय बंदुकीला देणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. वखारीला एकच भक्कम दरवाजा होता, पहारा ठरलेला होता, हुकूम देणारा एक होता, आणि बंदूक धरणारे हात त्या कामाला सरावलेले खलाशी होते. यांपैकी एकही गोष्ट विरजी व्होराच्या हवेलीत नव्हती. संकट टळल्यावर अधिकाऱ्याने ऑक्सेंडनचा सन्मान केला, तेव्हा त्याने हातातले पिस्तूल त्याच्यासमोर ठेवले आणि आपण आता शस्त्र खाली ठेवतो, शहराच्या रक्षणाची काळजी यापुढे तुम्ही करावी, अशा आशयाचे उद्गार काढल्याचे कंपनीच्या पत्रव्यवहारात नमूद आहे. औरंगजेबाने जकातीत सूट देऊन या कामगिरीची दखल घेतली. १६७० साली मराठे पुन्हा आले, तेव्हाही इंग्रजांची वखार बहुतांशी टिकली आणि शहर पुन्हा लुटले गेले. सहा वर्षांत शहराच्या रक्षणाची काळजी कोणी फारशी केली नव्हती.

आजच्या सुरतेत जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ हिऱ्यांना पैलू पडतात असे या व्यवसायात सांगितले जाते. महिधरपुऱ्याच्या बाजारात दलाल स्कूटरच्या बैठकीवर कागदाची पुडी उघडून लाखोंचा माल पारखतात. वराछा आणि कतारगामच्या कारखान्यांतून तो माल आंगडियांच्या हाती मुंबईला जातो. खजोद येथे डिसेंबर २०२३ मध्ये डायमंड बोर्सच्या प्रचंड इमारतीचे उद्घाटन झाले, पण रस्त्यावरचा बाजार आटला नाही. अशा व्यवसायात खरा धोका कुठे असतो हे व्यापारी जाणतात. धोका असतो तो माल हलवताना, दुकान बंद करताना, आणि मालाची खबर असलेल्या माणसाकडून. ऑगस्ट २०२५ मध्ये कापोद्रा भागातील एका हिरे कंपनीच्या तिजोरीतून कोट्यवधींचे हिरे गेल्याची तक्रार आली आणि शहर हादरले. पुढे पोलिसांनी ही चोरी मालकानेच रचलेला बनाव असल्याचा आरोप ठेवून त्यालाच अटक केली. उशाखालचे पिस्तूल यांपैकी कोणत्याही प्रसंगी उपयोगी पडणारे नाही.

तरीही मागणी थांबत नाही, आणि ती सर्वस्वी अनाठायी आहे असेही म्हणता येत नाही. कायदाही तसे म्हणत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये मंजूर झाला आणि १९६२ पासून अमलात आला. भारतीय राज्यघटनेने शस्त्र बाळगण्याचा हक्क कोणालाही दिलेला नाही. अमेरिकेशी असलेला हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात पुन्हा अधोरेखित केला. मात्र हा कायदा सरसकट नकार देणाराही नाही. कलम १३ नीट वाचले तर त्यातला क्रम लक्षात येतो. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे साध्या भाषेत बारा बोअरची लांब बंदूक, आणि पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांच्या परवान्याकडे कायदा तुलनेने उदारपणे पाहतो. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल हवे असेल तर अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते. २०१६ च्या नियमांनी व्यवसायाच्या स्वरूपामुळेच ज्याला जीविताचे वा मालमत्तेचे रक्षण करण्याची खरी गरज आहे अशा व्यक्तीचा विचार करण्याची मुभा दिली. सुरतेतले हिरे व्यापारी आणि सराफ अर्ज करतात ते या आधारावर.

सुरतेत पोलिस आयुक्तालय असल्याने अर्ज आयुक्तांकडे जातो. गोव्यात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. वय किमान २१ हवे. स्थानिक पोलिस ठाण्याचा अहवाल लागतो, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था दाखवावी लागते आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. हवेत बार उडवून आनंद साजरा करणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची किंवा एक लाखापर्यंतच्या दंडाची वेगळी तरतूदही त्याच दुरुस्तीतली. कागदावर हे सारे बरे आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते २०२५ च्या पहिल्या सहामाहीत गुजरात पोलिसांच्या तपासातून उघड झाले. सुरत पोलिस आणि राज्याचे दहशतवादविरोधी पथक यांच्या कारवायांत गुजरातमध्ये राहणाऱ्यांनी नागालँड आणि मणिपूरमधून बनावट कागदपत्रांच्या आधारे शस्त्र परवाने मिळवल्याची प्रकरणे पुढे आली. ज्या माणसाने कोहिमा नकाशावरही कधी शोधले नसेल, तो कागदोपत्री तेथला रहिवासी झाला. त्याच्या दारात ना पोलिस शिपाई चौकशीला गेला, ना शेजाऱ्याला कोणी विचारले. हा रोग नवा नाही. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात वाटलेल्या सुमारे पावणेतीन लाख परवान्यांची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली, तेव्हा त्यातही परप्रांतीयांच्या नावांचा प्रश्न होता. गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ७० हजार परवाने होते. त्यांपैकी एकट्या उत्तर प्रदेशात १२ लाख ७८ हजारांच्या घरात. महाराष्ट्रात ८४ हजार, गुजरातमध्ये सुमारे ६१ हजार, आणि १९८७ पर्यंत गोव्याबरोबर एकाच केंद्रशासित प्रदेशात असलेल्या, सुरतेपासून काही तासांच्या अंतरावरील दमणमध्ये (दीवसह) अवघे १२५. दमणचा माणूस उत्तर प्रदेशातल्या माणसापेक्षा अधिक असुरक्षित जगतो असे कोणी म्हणणार नाही. परवान्यांची संख्या गुन्ह्यांवर कमी आणि प्रतिष्ठेच्या कल्पनांवर अधिक अवलंबून असते.

प्रतिष्ठेची ही कल्पना शस्त्र निवडतानाही आड येते. सामान्य नागरिकाला ९ मि.मी. पिस्तूल मिळत नाही. ते प्रतिबंधित वर्गात मोडते. त्यामुळे घरासाठी शस्त्र शोधणाऱ्यापुढे येतात ती मुख्यतः .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले, आणि बारा बोअरची बंदूक. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याची किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास होती. ज्या स्त्रीला रात्रपाळीहून बसने घरी जावे लागते तिच्यासाठी हे शस्त्र नव्हतेच, हे त्या किमतीनेच सांगून टाकले. २०२३ मध्ये त्याच कानपूरहून ‘प्रबळ’ हे अधिक पल्ल्याचे रिव्हॉल्व्हर आले. जाहिरातीत पल्ल्याला महत्त्व असते. पण घरातल्या खोलीची लांबी पंधरा-वीस फुटांपलीकडे क्वचितच जाते.

हाती येणाऱ्या शस्त्रांपैकी कोणते बरे, याचे उत्तर जाणकार देतात ते ग्राहकाला आवडणारे नसते. लांब बंदुकीला दोन्ही हात आणि खांद्याचा आधार मिळतो, म्हणून घाबरलेल्या माणसाच्या हातातही तिचा नेम छोट्या शस्त्रापेक्षा कमी चुकतो. ती खिशात मावत नाही, लग्नात मिरवता येत नाही, रागाच्या भरात कमरेतून उपसता येत नाही. घराच्या रक्षणाच्या दृष्टीने हे सारे गुणच म्हटले पाहिजेत, पण विकत घेणाऱ्याला ते उणे वाटतात. रिव्हॉल्व्हरची रचना साधी असते, गोळी अडकण्याची भीती कमी, आणि भरलेले आहे की नाही ते चटकन दिसते. त्याचा चाप मात्र जड असतो आणि नळी आखूड, त्यामुळे सराव नसलेल्या माणसाचा नेम पाच-सहा पावलांवरही ढळतो. पिस्तुलात गोळ्या अधिक मावतात, पण नळीत एक गोळी उरली असताना मॅगझीन काढले म्हणजे शस्त्र रिकामे झाले, या समजुतीने जगभरात किती घरांत अपघात झाले त्याची गणती नाही.

आणखी एक गोष्ट निवडीच्या गप्पांत सहसा निघत नाही. लिंबायत, उधना, डिंडोली या सुरतेच्या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली खानदेशी मराठी माणसे पिढ्यानपिढ्या यंत्रमागावर आणि साडी बाजारात राबतात. तेथल्या चाळींत आणि छोट्या सदनिकांत दोन घरांमध्ये एका विटेची भिंत असते. झाडलेली गोळी दरोडेखोराला चुकली तर ती त्या भिंतीशी थांबेलच असे नाही. दार, खिडकी, पत्रा यांतून तर ती सहज पार होते, आणि पलीकडे कोणाचे तरी मूल झोपलेले असते. गोव्यातल्या नव्या गृहनिर्माण वसाहती याहून फार वेगळ्या नाहीत. ऐसपैस जुन्या घरात, माडापोफळीच्या मधोमध राहणाऱ्या कुटुंबाला लागू पडणारा हिशेब ताळगाव किंवा पर्वरीच्या सहाव्या मजल्यावर लागू पडत नाही.

घरात शस्त्र ठेवायचे कसे, हा निवडीहून कठीण प्रश्न आहे. काडतुसे वेगळ्या कुलपात आणि बंदूक वेगळ्या कुलपात ठेवली तर मुले, नोकरचाकर, चोर यांच्यापासून ती सुरक्षित राहते, पण मध्यरात्री दार फुटल्यावर ती दोन कुलपे उघडण्याइतका वेळ मिळत नाही. भरलेले शस्त्र उशाशी ठेवले तर वेळ वाचतो आणि उरलेले सगळे गमावण्याची शक्यता घरात येऊन बसते. बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरी हा बऱ्यापैकी मधला मार्ग आहे, पण तिची किंमत, बॅटरी आणि घरमालकाची शिस्त या तिन्ही गोष्टी शाबूत राहाव्या लागतात. त्यातच परवाना हा व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. नवरा दुकानात, बायको घरी एकटी, आणि परवान्यावर नाव फक्त नवऱ्याचे. अशा वेळी घराच्या रक्षणासाठी घेतलेले शस्त्र घरातल्या माणसाला हाताळण्याची परवानगीच नसते. बहुतेक दरोडे, घरफोड्या ज्या वेळी होतात त्या वेळी घर रिकामे असते, आणि मग ते शस्त्र चोराच्याच हाती लागते. परवानाधारकाला त्यानंतर पोलिस ठाण्याच्या ज्या खेपा घालाव्या लागतात त्या वेगळ्याच.

सरावाच्या बाबतीत तर आपल्याकडे जवळजवळ शून्यच आहे. नेमबाजी हा भारतात प्रतिष्ठेचा खेळ आहे आणि त्याच्या उभारणीत एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते. अहमदाबादच्या खानपूर भागातल्या रायफल क्लबची परंपराही जुनी आहे. परंतु क्लबात शिकवली जाते ती खेळातली नेमबाजी. स्थिर उभे राहायचे, श्वास रोखायचा, दहा मीटरवरच्या ठिपक्यावर वेळ घेऊन छर्रा मारायचा. ती शिस्त मौल्यवान आहे. चापावर बोट केव्हा ठेवायचे आणि नळी कोणाकडे कधीही वळू द्यायची नाही हे तेथेच अंगवळणी पडते. पण अंधारात, झोपेतून उठून, हृदयाचे ठोके कानात ऐकू येत असताना समोरची आकृती चोर आहे की पाणी प्यायला उठलेला मुलगा आहे, हे ओळखण्याचा सराव तेथे होत नाही. तो सराव मुख्यतः गोळी न झाडण्याचा असतो.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचा एक पोलिस प्रशिक्षक डेनिस टुलर याने १९८३ मध्ये मांडलेला हिशेब पुढे प्रसिद्ध झाला. सुरा घेतलेला माणूस एकवीस फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि प्रशिक्षित पोलिसालाही कमरेचे शस्त्र काढून दोन गोळ्या झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. सचिनच्या दुकानात गल्ला आणि दार यांत एकवीस फूट असण्याची शक्यता कमीच. ज्याच्या हातात शस्त्र आधीच उपसलेले आहे त्याच्यापुढे दुकानदाराने खणात हात घालणे हा बचाव ठरेल की मृत्यूला आमंत्रण, याचे उत्तर प्रत्येक प्रसंगी वेगळे निघेल. पण जो वर्षातून एकदाही गोळी झाडत नाही त्याच्यासाठी ते बहुधा एकच आहे. आणि वर्षातून एकदाही गोळी न झाडणारे परवानाधारक हे अपवाद नसून नियम आहेत. काडतुसे महाग, त्यांच्या खरेदीवर परवान्याची मर्यादा, वापरलेल्या काडतुसांचा हिशेब द्यायचा, आणि स्वतःच्या .३२ च्या शस्त्राने सराव करता येईल अशी जागा जिल्ह्यात नाही. अर्जाच्या वेळी जोडलेले प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मग पुढची वीस वर्षे फाइलीत राहते. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र आणून दाखवा असे सांगितले जाते. ते चालवून दाखवा असे नाही.

गोळी झाडलीच तर पुढे काय, याविषयीही गैरसमज फार आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या दंड संहितेतील कलम ९६ ते १०६ चाच हा आशय. जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा वाजवी धोका असेल तर हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क जातो. मालमत्तेच्या बाबतीतही जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, घराला आग लावणे अशा प्रसंगी तो तेथपर्यंत पोहोचतो. पण त्याला दोन मर्यादा आहेत. सार्वजनिक अधिकाऱ्यांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावाला आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत झाडलेली गोळी म्हणूनच बचाव ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०१० मध्ये आरोपीची मुक्तता करताना या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. संकटात सापडलेल्या माणसाने प्रतिकाराचे माप तराजूत तोलून घ्यावे अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही, असा त्याचा रोख आहे. दिलासा देणारा हा निकाल आरोपीला मिळाला तो घटनेनंतर अनेक वर्षांनी, खालच्या न्यायालयांच्या पायऱ्या चढून आल्यावर. शस्त्र जप्त होते, परवाना निलंबित होतो, गुन्हा नोंदवला जातो. बरोबर असलेल्या माणसालाही हा रस्ता चालावा लागतो.

घरातली बंदूक प्रत्यक्षात कोणाला लागते, यावर भारतात भरवशाचा अभ्यास हाताशी नाही. अमेरिकेत आर्थर केलरमन आणि सहकाऱ्याने वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीत १९७८ ते १९८३ या सहा वर्षांत बंदुकीने झालेले मृत्यू तपासले होते. ज्या घरात बंदूक ठेवलेली होती त्याच घरात झालेल्या ३९८ मृत्यूंपैकी घरात घुसू पाहणारे होते दोन. बहुसंख्य मृत्यू आत्महत्येचे होते. या अभ्यासावर टीकाही झाली. बंदूक दाखवूनच पळवलेले चोर त्यात मोजले गेले नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेचा समाजही वेगळा. तरी कर्ज, धंद्यातली मंदी आणि कौटुंबिक ताण यांनी पोखरलेल्या घरात भरलेले शस्त्र ठेवण्याचा अर्थ समजायला अमेरिकेत जावे लागत नाही. हिरे उद्योगातल्या अलीकडच्या मंदीत सुरतेतल्या रत्नकलाकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या सातत्याने आल्या. त्यांच्या घरी शस्त्रे नव्हती. ज्यांच्या घरी असतात ते मालकही याच मंदीतून जात होते.

गोव्यात या विषयाला एक स्थानिक अंगही आहे. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा या भागांत बंदूक ही शहरी चैन नव्हे. रानडुक्कर, गवेरेडे, खेती यांनी कुळागर उद्ध्वस्त केलेल्या बागायतदाराकडे शेतीच्या रक्षणासाठी घेतलेली एकनळी किंवा ठासणीची बंदूक वडिलांपासून चालत आलेली असते. ती चालवायला तो कोणत्याही क्लबात न जाता शिकला, आणि निदान तिचे वजन, तिचा धक्का, तिचा आवाज त्याला ठाऊक असतो. रात्री शिकारीला गेलेल्यांपैकी एकाची गोळी दुसऱ्याला लागल्याचे प्रसंगही याच भागात घडले आहेत, म्हणून त्याचे उदात्तीकरण नको. पण परवान्याच्या रांगेत दरोड्याच्या बातमीने घाबरलेला नवा शहरी अर्जदार आणि हा बागायतदार शेजारी उभे राहिले तर शस्त्राशी ओळख कोणाची अधिक, याविषयी शंका नको. मात्र प्रशासनात वजन बहुधा पहिल्याचे असते.

दरोडे वाढले म्हणून परवाने सैल करावेत अशी मागणी आता होऊ लागली, तर सरकारला ती स्वस्त पडेल. रात्रीची गस्त, भाडेकरूंची पडताळणी, सीमेवरच्या नाक्यांवरची तपासणी, कॉल आल्यापासून पोलिसांची गाडी पोहोचेपर्यंतचा वेळ कमी करणे, या सगळ्याला माणसे आणि पैसा लागतो. परवान्याला एक सही लागते. ज्यांना खरोखर धोका आहे त्यांना परवाना मिळू नये असे नाही. पण तो देताना दरवर्षी ठरावीक गोळ्यांचा देखरेखीखालील सराव, घरातल्या तिजोरीची प्रत्यक्ष तपासणी आणि नूतनीकरणाच्या वेळी हाताळणीची चाचणी या अटी जोडल्या पाहिजेत, आणि सराव सक्तीचा करायचा तर पोलिसांची चांदमारीची मैदाने ठरावीक दिवशी शुल्क घेऊन परवानाधारकांना खुली करावी लागतील. असे झाले तर अर्जांची संख्या आपोआप घटेल, कारण ज्यांना केवळ शस्त्र हवे आहे आणि सराव नको आहे ते रांगेतून बाहेर पडतील.

तूर्त गोव्यातल्या परवानाधारकाचे शस्त्राशी नियमित नाते येते ते निवडणुकीत. आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस निघते. सरसकट सर्वांना शस्त्रे जमा करायला लावण्याच्या प्रथेला गोव्यातून मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले होते, आणि २००९ मध्ये न्यायालयाने प्रत्येक परवानाधारकाचा छाननी समितीमार्फत विचार करून मगच आदेश काढण्याची पद्धत घालून दिली. तरीही मतदान जवळ आले की बंदुका पोलिस ठाण्याच्या कोठारात जातात, पावती मिळते, आणि निकालानंतर काही दिवसांनी त्या परत आणल्या जातात. विधानसभेची पुढची निवडणूक २०२७ च्या आरंभी अपेक्षित आहे. जिवाला सतत धोका आहे असे अर्जात लिहून परवाना मिळवलेल्यांपैकी किती जण तेव्हा समितीपुढे जाऊन शस्त्र ठेवू द्या असे म्हणतात, आणि किती जण मुकाट्याने पावती घेऊन घरी येतात, याची नोंद प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात असेल. नव्या अर्जांवर सही करण्यापूर्वी ती एकदा काढून पाहायला हरकत नाही.